विश्वरूपानंतरही दुर्योधन का बधला नाही?



आजचा पाठ : महाभारत, उद्योगपर्व – कौरवसभेतलं विश्वरूप
जोडीला : भगवद्गीता, अध्याय ११

काल आपण विदुराघरच्या जेवणापाशी थांबलो होतो. आज श्रीकृष्ण सभेत जातात. पण आधी एक घरातला प्रसंग सांगतो, कारण त्याच्यामुळेच मी आजचा पाठ या वेळी नीट वाचला.

माझी मावसबहीण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. देव मानत नाही, पण आमच्याकडे आरतीला सगळ्यात तालात टाळ तीच वाजवते. गेल्या रविवारी जेवताना मी तिला विचारलं, "कोणता पुरावा मिळाला तर तू देव मानशील?"

वरणभात कालवता कालवता ती म्हणाली, "सोप्पंय दादा. समोर येऊन उभा राहिला की मानेन. एवढं विश्व चालवतो म्हणता, मग त्याला एवढं काय अवघड आहे?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. प्रश्न रास्त होता. रात्री उद्योगपर्व उघडलं आणि लक्षात आलं, ती मागते तो पुरावा आपल्या ग्रंथात एकदा दिला गेला आहे. तोही भरसभेत, देशोदेशीच्या राजांसमोर. मग पुढे काय झालं, ते बघू.

सभेत काय घडलं?

वनवास आणि अज्ञातवास संपला आहे. श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरात आले आहेत. पांडवांचा हक्क अर्ध्या राज्यावर, पण युद्ध टळत असेल तर पाच गावांवरही ते समाधान मानायला तयार आहेत. दुर्योधन सुईच्या टोकाएवढी जमीन सोडायला तयार नाही. भीष्म, द्रोण, विदुर समजावून थकतात. गांधारीला सभेत बोलावतात, ती सांगून पाहते. उलट दुर्योधन कर्ण, शकुनी आणि दुःशासनाबरोबर बेत आखतो, की या कृष्णालाच बांधून ठेवू. सात्यकीला सुगावा लागतो आणि तो सभेत येऊन सगळं उघड करतो.

तेव्हा श्रीकृष्ण हसतात. मी एकटा आहे असं समजतोस का, असं विचारतात आणि त्यांच्या देहातून देवता प्रकट होऊ लागतात. कपाळावर ब्रह्मदेव, छातीवर रुद्र, एका बाजूला अर्जुन, दुसऱ्या बाजूला बलराम. ते तेज सहन न होऊन राजे डोळे मिटून घेतात. पाहू शकतात ते फक्त भीष्म, द्रोण, विदुर, संजय आणि तिथे आलेले ऋषी, कारण त्यांना दिव्यदृष्टी दिलेली आहे. काही पाठांत तर धृतराष्ट्रालाही तेवढ्यापुरते डोळे मिळतात.

जन्मांध माणसाला दृष्टी मिळाली आणि पहिलं दर्शन झालं ते विश्वरूपाचं! यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

आणि परिणाम? शून्य. श्रीकृष्ण ते रूप आवरतात आणि सभेतून बाहेर पडतात. धृतराष्ट्र मागून सांगतो की मुलांपुढे माझं काही चालत नाही. युद्ध व्हायचं ते होतंच.

दुर्योधनाने त्या क्षणी डोळे उघडे ठेवले की मिटले, हे बाजूला ठेवू. काहीतरी अचाट घडलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कारण युद्धाच्या तोंडावर तो उलूकाला दूत म्हणून पाठवतो, तेव्हा त्याच रूपाचा उल्लेख करतो. त्याच्या निरोपाचा भाव असा: सभेत दाखवलंस ते मायावी रूप पुन्हा घे आणि ये लढायला. असलं इंद्रजाल आम्हालाही जमतं.

म्हणजे पुरावा पोचला होता. त्याने फक्त त्याला नाव दिलं, 'जादू'.

दुर्योधनाचं एक बरोबर होतं

इथे आपण भक्त मंडळी लगेच दुर्योधनाला मूर्ख ठरवतो. जरा थांबूया. डोळ्यांना दिसलं म्हणजे ते दैवी, असं कुठे असतं?

२१ सप्टेंबर १९९५ ची गोष्ट तुम्ही घरच्या मोठ्यांकडून ऐकली असेल. गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. चमचा सोंडेला लावला की दूध खरंच कमी व्हायचं, लोक खोटं बोलत नव्हते. मग शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं, की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळतं. दिसलेलं खरं होतं, काढलेला निष्कर्ष चुकला होता.

तेव्हा 'हे इंद्रजाल तर नाही ना?' असं विचारणं हे पाप नाही. आपल्या परंपरेत हा प्रश्न फार जुना आहे. चार्वाक प्रत्यक्षाखेरीज कुठलंच प्रमाण मानत नाहीत. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वर सिद्ध करण्यासाठी अनुमानांची रांगच लावली. घडा आहे म्हणजे कुंभार असणार, तसं जग आहे म्हणजे कर्ता असणार, हे त्यातलं प्रसिद्ध अनुमान. आणि गंमत बघा, वेदांचे कट्टर समर्थक असलेल्या कुमारिल भट्टांनी मात्र जगाचा कोणी कर्ता आहे हे मानलं नाही. म्हणजे पुरावा मागणारे सगळे धर्माबाहेरचे होते, असं अजिबात नाही.

मग दुर्योधनाचं चुकलं कुठे? मला वाटतं, शंका घेण्यात नाही. त्याने शंका तपासलीच नाही. कारण ते रूप खरं मानलं असतं, तर पाच गावं द्यावी लागली असती. निकाल आधीच लागलेला होता आणि पुराव्याने फक्त त्या निकालाला शोभेल असं नाव घ्यायचं होतं.

अर्जुनाने काय केलं?

आता गीतेचा ११वा अध्याय बघा. इथेही विश्वरूप, इथेही दिव्यदृष्टी. पण अर्जुन हे दर्शन स्वतः मागतो, आणि मागतानाही म्हणतो की मला ते पाहणं शक्य असेल तर दाखव.

पाहिल्यावर तो आनंदाने नाचत नाही. घाबरतो. आणि मग जे करतो ते माझ्या मते या अध्यायातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. तो माफी मागतो. खेळताना, जेवताना, बसता-उठता तुला नुसता मित्र समजून अरे-तुरे केलं, थट्टा केली, ते पोटात घाल, असं म्हणतो. एवढ्या विराट दर्शनातून त्याला आठवतं काय, तर आपलं रोजचं वागणं!

आणि अध्यायाच्या शेवटी भगवंत सांगतात की वेद, तप, दान, यज्ञ यांच्या जोरावर हे रूप दिसत नाही, अनन्यभक्तीनेच ते कळतं.

सभेतला चमत्कार आणि रणांगणावरचा चमत्कार, देणारा तोच. फरक घेणाऱ्यात आहे. एकाने विचारलं, 'यामुळे माझं राज्य जाईल का?' दुसऱ्याने विचारलं, 'माझं कुठे चुकलं?'

माझा पुरावा

हे सगळं मी बहिणीला फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "ते ठीक आहे. पण तू कशावरून मानतोस?"

मंडळी, इथे मला खरं बोलावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी बाबांची बायोप्सी झाली होती. रिपोर्टची वाट बघत हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी पांडुरंगाशी सौदा केला. रिपोर्ट चांगला आला तर जन्मभर एकादशी करीन. त्याखाली न बोललेलं एक वाक्यही होतं, की नाही आला तर तू नाहीसच. रिपोर्ट चांगला आला. मी धावत जाऊन पेढे आणले. देव आहे याची मला त्या दिवशी शंभर टक्के खात्री होती.

बाबांच्या शेजारच्या कॉटवर एक काका होते. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याच्या शर्टाच्या खिशात अंगाऱ्याची पुडी असायची आणि तो रोज सकाळी वडिलांच्या कपाळाला तो लावायचा. त्याचाही रिपोर्ट त्याच दुपारी आला होता. वाईट आला होता.

मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन वॉर्डात शिरलो आणि तो समोर. मी बॉक्स पाठीमागे लपवला.

त्या क्षणी माझा पुरावा संपला. कारण जो पुरावा मी त्याच्यासमोर धरू शकत नव्हतो, तो देवाचा पुरावा कसा असेल? माझा रिपोर्ट चांगला म्हणून देव आहे, तर त्याच्या रिपोर्टवरून काय सिद्ध होतं? त्याने कमी मनापासून मागितलं होतं का? आणि उलटं झालं असतं तर मीही दुर्योधनासारखं म्हणालोच असतो, सगळं थोतांड आहे. माझा देव माझ्या पाच गावांवर उभा होता.

त्याने बॉक्स पाहिला होता. म्हणाला, "काकांचा चांगला आला ना? मग द्या की." आणि हात पुढे केला. एक पेढा खाल्ला, एक वडिलांना भरवला.

यातून देव सिद्ध होत नाही. एक भला माणूस होता, एवढंच सिद्ध होतं. पण तो हात मला अजून दिसतो. एकादशी मी आजही करतो. मात्र फेड म्हणून नाही. त्या दिवशी माझं कुठे चुकलं ते आठवावं म्हणून.

नामदेवांचं मडकं

याच संदर्भात नामदेव महाराजांची कथा आठवा. लहानपणी पांडुरंग त्यांच्या हातचा नैवेद्य जेवला. माझी बहीण मागते तसा पुरावा त्यांना रोज मिळत होता. तरी संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने सगळ्यांची डोकी तपासली तेव्हा नामदेव कच्चं मडकं ठरले. ते रडत पंढरीला गेले, तर विठ्ठलानेही त्यांची बाजू घेतली नाही. गुरू कर, असं सांगून विसोबा खेचरांकडे धाडलं.

विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच ठेव. ठेवतील तिथे पिंडी. त्यानंतरचे नामदेव आपल्याला ठाऊक आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, त्याने कोरडी खाऊ नये म्हणून.

बघा, समोर उभा राहिलेला देवही माणसाला कच्चं ठेवू शकतो. मडकं पक्कं झालं ते कुत्र्यामागे धावताना.

मग पुरावा आहे की नाही?

बहिणीने शेवटी हेच विचारलं. "म्हणजे पुरावा नाहीच ना?"

मी म्हटलं, "तुझ्या हातात ठेवता येईल असा माझ्याकडे नाही."

"बरं झालं, निदान खोटं तरी बोलला नाहीस," ती म्हणाली. आमचं भांडण तिथेच थांबलं. ती अजून मानत नाही. मला त्याची घाई नाही. शंका जपून, प्रामाणिकपणे तपासणारी माणसं मला पाहूनही डोळे मिटणाऱ्या राजांपेक्षा देवाच्या जवळची वाटतात.

आजचा अभ्यास

मानणारे असाल किंवा नसाल, आज रात्री पाच मिनिटं काढून वहीत दोन ओळी लिहा.

१. देव आहे असं मला उद्या निर्विवाद पटलं, तर मला काय सोडावं लागेल? ती तुमची पाच गावं.

२. माझ्या श्रद्धेचा कोणता पुरावा मी दुःखात असलेल्या माणसासमोर धरू शकणार नाही? तो आजपासून वापरायचा नाही.

मी माझं लिहिलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाटलं होतं त्यापेक्षा लांब झालं.

उद्याचा पाठ : हस्तिनापूर सोडताना श्रीकृष्ण कर्णाला रथात घेतात, तो संवाद. पुराव्याहून अवघड गोष्ट तिथे आहे. सत्य कळूनही बाजू न बदलणारा माणूस.

रामकृष्ण हरी.