१९४२ : युद्धाच्या वर्षातील वसतिगृहाची मागणी

शालेय इतिहासात १९४२ हे साल 'चले जाव'चे म्हणून शिकविले जाते, आणि ते यथार्थ आहे. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. फेब्रुवारीत सिंगापूर व मार्चमध्ये रंगून जपानच्या ताब्यात गेले. ८ ऑगस्टला मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला आणि १६ ऑगस्टला आपल्या विदर्भातील चिमूर व आष्टी येथे उठाव झाला. परंतु याच्या महिनाभर आधी नागपुरात जे घडले, त्याच्याशी निवासी शाळेचे नाते अधिक निकटचे आहे.

१८ व १९ जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. मद्रासचे एन. शिवराज अध्यक्ष होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना याच परिषदेत झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून नुकतीच निवड झाली होती. २० जुलैला त्याच ठिकाणी महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, कामगार स्त्रियांना रजा, या मागण्यांबरोबर मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे काढावीत, असाही ठराव तेथे झाला.

शाळा न मागता वसतिगृह का मागितले, हे समजून घेतले पाहिजे. खेड्यातील शाळा प्राथमिक वर्गांपुरती असे. पुढील शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी जावे, तर अस्पृश्याला खोली कोण देणार? घरी राहावे, तर पेरणी, निंदणी व कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा सुटणार. शिक्षणाचा हक्क कागदावर असला, तरी राहण्या-जेवण्याची सोय नसल्यास तो मुलापर्यंत पोहोचत नाही. ज्या स्त्रियांना स्वतःला अक्षरओळख मिळाली नव्हती, त्यांच्या परिषदेने हे नेमके ओळखले. युद्ध संपेपर्यंत थांबावे, असे त्यांना वाटले नाही.

बाबासाहेबही थांबले नाहीत. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला सविस्तर निवेदन सादर केले. त्यात सरकारी नोकऱ्यांतील वाट्याबरोबर उच्च व तांत्रिक शिक्षणासाठी आर्थिक साहाय्याची मागणी होती. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी व १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन झाले.

या वर्षाचा बोध असा की, संकटकाळात शिक्षण मागे ठेवावयाचे नसते. आपल्या जिल्ह्यात नापिकी व कर्ज यांचा फेरा आजही अनेक घरांना चुकलेला नाही. अशा वर्षी मुलीला शाळेतून काढण्याचा विचार घरात प्रथम येतो. त्या वेळी पालकांनी नागपूरचा तो ठराव आठवावा. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने भर युद्धात मुलींसाठी वसतिगृहे मागितली. आज मिळालेली जागा आपल्या मुलीने शेवटच्या परीक्षेपर्यंत सोडू नये, एवढे तरी आपण पाहावे.