परदेशी चपला धाडण्याआधी

बाळ, निपाणीहून कोल्हापुरी चपला युरोपात धाडायच्या म्हणतोस, चांगलंच आहे. फक्त ‘आमचं कातडं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं, त्यात केमिकल कुठलं?’ असं छातीठोक सांगू नकोस. 2019 मध्ये चपलांना भौगोलिक मानांकन मिळालं, बेळगाव जिल्हाही त्यात आला. पण ते मानांकन रसायनांची हमी देत नाही. कातडं सालीतलं असलं तरी रंग बाजारातला, बुरशीचं औषध बाजारातलं, आणि पट्ट्याला क्रोमचं कातडं कधी येऊन बसतं कळत नाही.

आधी घरी बघ. रापीनं कड ताजी काप. आतपर्यंत तपकिरी असेल तर बहुधा सालीचं, मधे निळसर करडी रेघ असेल तर क्रोमचं. शंका राहिली तर बोटभर पट्टी मिनिटभर उकळत्या पाण्यात सोड: सालीचं आखडून वळतं, क्रोमचं बहुधा तसंच राहतं. जाळून मात्र कधीही बघू नकोस. ज्या विषारी क्रोमची आपल्याला भीती, ते जाळण्यातच तयार होऊ शकतं. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासलंस तर रंग सुटतो का एवढंच कळेल, रंग घातक आहे का ते नाही.

पुढचं काम प्रयोगशाळेचं. कमावताना वापरतात ते क्रोम तीन संयुजेचं. तेलपाण्यात गडबड झाली, माल गरम कोरड्या जागी पडून राहिला, की त्याचं सहा संयुजेचं होतं आणि कातडीला खाज, पुरळ उठतं. युरोपात 2015 पासून त्याची मर्यादा किलोमागे 3 मिलिग्रॅम. म्हणून नमुना 80 अंशांवर 24 तास कोरड्या हवेत ठेवून मगच तपासा, असं लेखी सांग. आज पास झालेला माल कंटेनरमध्ये नापास होतो, तो इथे पकडला जातो. काळ्या-गडद कातड्याला आयन क्रोमॅटोग्राफी माग. साध्या पद्धतीत अर्काला गुलाबी रंग येतो का ते बघतात, आणि कातड्याचाच रंग उतरला की वाचन फसतं.

अ‍ॅझो रंगांतून सुटणाऱ्या घातक अमाइनांची मर्यादा प्रत्येकी किलोमागे 30 मिलिग्रॅम. इथे पैसे वाचवायला तीन रंग एकत्र वाटून देऊ नकोस. लाल गोंड्यात 60 असले आणि बाकी दोन्ही स्वच्छ, तर समान वजनाच्या मिश्रणात 20 दिसतात आणि लाल सुटून जातो.

नमुना जाणाऱ्या लॉटमधलाच काप, शोभेच्या कातड्याचा नको. निम्मा तारीख घालून स्वतःजवळ ठेव, निम्मा माझ्याकडे जयलक्ष्मीपुरमला पाठव. म्हैसूरहून रात्रीच्या गाडीनं चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत मीच नेऊन देईन. आणि खोक्यात बुरशीच्या अनोळखी पुड्या टाकू नकोस, नुसतं सिलिका जेल टाक. डायमिथाइल फ्युमरेटच्या पुड्यांनी लोकांच्या अंगावर फोड आले, म्हणून 2009 मध्ये युरोपानं त्यावर बंदी घातली. पुडीवर नाव छापलेलं नसेल तर ती दुकानदाराला परत कर.