दुसऱ्या खेपेच्या आधी

मंगरूळपीर

चि. सौ. छकुली,

दुसरं मूल होऊ द्यावं की नाही, असं विचारलंस. होऊ दे. मात्र तयारी दिवस राहण्याआधी करायची, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मनातला सल काढून टाक. लोणचं खाल्लंस, शेतात वाकलीस, म्हणून पहिल्या खेपेला तुझं बीपी वाढलं नव्हतं. दोष वारेत होता. गर्भ रुजताना गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. त्या अरुंद राहिल्या की वारेला रक्त कमी पडतं आणि तिथून निघणारे घटक आईच्या रक्तवाहिन्या बिघडवतात. मग पाचव्या महिन्यानंतर बीपी 140/90 वर जातं, बहुतेकींच्या लघवीतून प्रथिनं जातात, यकृत-मूत्रपिंडावर ताण येतो. आवरलं नाही तर झटके. 'बाहेरचं लागलं' म्हणत झटके आलेल्या बाईला घरीच ठेवलेलं मी दवाखान्यातल्या नोकरीत पाहिलंय. त्याचा राग अजून जात नाही. दर्ग्यात चादर चढव, बिरबलनाथांना नारळ फोड, पण आधी गाडी दवाखान्याकडे वळव.

आता पुढचं. गरोदरपणातला बीपीचा हा आजार एकदा झालेल्या साधारण सहा बायकांपैकी एकीला पुन्हा होतं. बाळंतपण 34 आठवड्यांआधी करावं लागलं असेल तर तिघींपैकी एकीला. तुझं 35 व्या आठवड्यात झालं, म्हणजे चौघींपैकी एकीला धर. उरलेल्या तिघी सुखरूप जातात, हेही लक्षात ठेव. तुझ्या सिझरची जखम नीट भरायला दीड-दोन वर्षांचं अंतर हवंच. दिवस राहण्याआधी बीपी, साखर, लघवी तपासून घे. बीपीची गोळी चालू असेल तर ती गरोदरपणात चालणारी आहे का, ते डॉक्टरांना विचार.

पाळी चुकली की लगेच नाव नोंदव आणि जुनं डिस्चार्ज कार्ड पुढे ठेव. बाराव्या आठवड्यापासून, सोळाव्याच्या आत, डॉक्टर रात्री घ्यायला कमी मात्रेची ॲस्पिरिन देतील. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 150 मिलिग्रॅमच्या गोळीने 37 आठवड्यांआधी उद्भवणारा हा आजार निम्म्याहून कमी झाला. मनाने मात्र घेऊ नकोस. कॅल्शियम चौथ्या महिन्यापासून, लोहाच्या गोळीपासून दोन तासांच्या अंतराने. मीठ तोडून किंवा नुसतं पडून राहून हा आजार टळत नाही.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, ती चुकवू नकोस. बीपी घेताना पाच मिनिटं टेकून बस, बोलू नकोस, पट्टा ब्लाऊजच्या बाहीवर बांधू देऊ नकोस. आम्ही परीक्षानळीत लघवीचा वरचा भाग दिव्यावर तापवायचो; पांढरं गढूळ झालं आणि ॲसिडचे थेंब टाकूनही तसंच राहिलं, तर प्रथिनं आहेत. आता पट्टी बुडवली की मिनिटभरात कळतं. ती तपासणी दर खेपेला मागून घे.

डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं, तोंड सुजलं, बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नकोस. 108 ला फोन करून वाशीम नाहीतर अकोला गाठ. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही धोक्याचेच. आणि हा आजार एकदा झाला की पुढे हृदयविकाराची शक्यता इतर बायकांपेक्षा दुप्पट असते, म्हणून दरवर्षी बीपी मोजत राहा.

हे पत्र जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाईंनाही वाचून दाखव. रात्री गाडी काढायचं त्यांनाच ठरवावं लागतं.

तुझी,
मावशी