तांब्याची तार : एक समवायी पाठ
(इयत्ता सातवी : भूगोल, विज्ञान व गणित)



गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या तपासणीस गेलो असता मागील आवारात तीन मुले विजेच्या जुन्या तारा जाळताना दिसली. आवरण जळाले की आतील तांबे भंगारवाला विकत घेतो. “हे तांबे मूळचे कोठले?” असे मी विचारले. “भंगारातले,” एक मुलगा उत्तरला. उत्तर खोटे नव्हते, अपुरे होते. ते पुरे व्हावे म्हणून हे टाचण.

हेतू : धातूच्या बाजारभावात न धरलेली किंमत विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे.

साहित्य : जगाचा नकाशा, तारेचा तुकडा, शंभर खडे.

विषयप्रवेश : घरातील तांबे कोठे कोठे आहे, ते विचारावे. मुले हंडा, घंगाळ सांगतील. शेतातील पंप, मोबाइल आणि विजेवर चालणारी मोटार यांतील न दिसणारे तांबे आपण दाखवून द्यावे.

विवेचन : नकाशावर चिली देशातील अटाकामा वाळवंट दाखवावे. तेथे चुकिकामाता येथे १९१५ पासून मोठ्या प्रमाणावर तांबे काढले जात आहे. उघड्या खाणीचा खड्डा ४ किलोमीटरांहून लांब व ८५० मीटरांहून खोल आहे. अनेक मोठ्या खाणींच्या धातुकात तांबे शेकडा एकाहूनही कमी असते. मुलांकडून शंभर खडे मोजवून एक उचलावा. तो तांब्याचा, उरलेल्या नव्व्याण्णवांचे काय होते, हा पाठाचा गाभा होय.

धातुक दळून पाण्यात घोळवतात; म्हणजे पाऊस जवळजवळ न पडणाऱ्या प्रदेशातील पाणी त्यात खर्च होते, आणि मागे गाळ उरतो. गंधकयुक्त धातुक भट्टीत तापविताना सल्फर डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. येथील धातुकात आर्सेनिकही आहे. धूळ, वायू आणि टाकाऊ दगडांचे वाढते ढीग यांमुळे कामगारांचे गाव २००७-०८ पर्यंत रिकामे करून रहिवाशांना कालामा शहरात नेण्यात आले. गावचे रुग्णालय दगडांच्या ढिगाखाली गाडले गेले.

सूचना : ‘यंत्रे वाईट’ असा निष्कर्ष मुलांच्या मनावर बिंबवू नये. आपल्या विहिरीचे पाणीही तांब्याच्याच तारेमुळे शेतात पोचते. तांबे कितीही वेळा वितळविले तरी त्याचे गुण कमी होत नाहीत. म्हणून भंगार जपणे योग्यच आहे. मात्र तारा जाळू देऊ नयेत. प्लास्टिकच्या आवरणाचा धूर विषारी असतो. शाळेत एक पेटी ठेवून जुन्या तारा व बिघडलेली उपकरणे जमवावीत आणि अधिकृत संकलकाकडेच द्यावीत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत.

स्वाध्याय :
१. धातुकात तांबे शेकडा अर्धा असेल, तर १ किलो तांब्यासाठी किमान किती धातुक लागेल?
२. आपल्या गावाशेजारी अशी खाण निघाली, तर ग्रामसभेत कोणते तीन प्रश्न विचाराल?

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे मुलांकडून मोठ्याने वाचवून घ्यावीत व घाई करू नये. त्या तीन मुलांना शिक्षा झाली नाही. पेटीची देखरेख आता त्यांच्याकडेच आहे.