जेडची बांगडी: हाँगकाँगच्या बाजारात किती मोजावं, काय लिहून घ्यावं

माझ्या आत्याच्या हातात गेली सहा वर्षं एक हिरवी बांगडी आहे. हाँगकाँगच्या सहलीत बस ज्या दुकानापुढे थांबली, तिथून तिनं ती १,८०० हाँगकाँग डॉलरला घेतली. दुकानदारानं ‘ए ग्रेड’ असं सांगितलं, लाल मखमलीची डबी दिली आणि पावतीवर एकच शब्द लिहिला: बांगडी. मागच्या वर्षी तिच्यावर पिवळट झाक दिसायला लागली, म्हणून आम्ही ती मुंबईत एका रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत दाखवली. अहवाल आला: जेडाइट, पॉलिमर भरलेलं, रंग दिलेला.

“म्हणजे खोटी का रे?” आत्यानं विचारलं.

“दगड खरा आहे, आत्या. रंग त्याचा नाही. आणि पैसे खऱ्याचे घेतलेत.”

सोनं घेताना आपल्याला तोळ्याचा भाव माहीत असतो आणि हॉलमार्क बघता येतो. जेडला ग्रॅमचा भाव नसतो, आणि डोळ्यांना दिसणारा हिरवा रंग काहीच सिद्ध करत नाही. म्हणून माझा एकच आग्रह आहे: दुकानदार पावतीवर जे लिहून द्यायला तयार असेल, तेवढ्याचेच पैसे मोजा. तोंडी सांगितलेल्या गुणांचा एक डॉलरही देऊ नका.

जेड कशाला म्हणायचं

जेड या एका नावाखाली दोन वेगळी खनिजं विकली जातात: जेडाइट आणि नेफ्राइट. ती एकच नाहीत हे फ्रेंच खनिजतज्ज्ञ अलेक्सी दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवलं. जेडाइट जास्त जड असतं, पाण्याच्या सुमारे ३.३ पट. नेफ्राइट साधारण २.९५ पट. दोन्ही चिवट, दोन्ही खरी. महागडं, आतून उजळल्यासारखं दिसणारं हिरवं मात्र जेडाइटच. हाँगकाँगमध्ये त्याला ‘फेई चुई’ म्हणतात. चांगला माल बहुतेक म्यानमारच्या काचिन राज्यातल्या फाकान्त खाणींतून येतो. याच खाणींत २ जुलै २०२० रोजी दरड कोसळून १७० हून अधिक माणसं गेली. दागिना हातात घेताना ही किंमतही आपल्याला ठाऊक असावी.

जेड आणि पाचू यांत गल्लत करू नका. पाचू हे वेगळंच रत्न आहे. त्याहून जास्त फसवतात ती देशांची नावं लावलेली ‘जेड’:

– ‘इंडियन जेड’ म्हणजे बहुधा अ‍ॅव्हेंच्युरिन, आपल्याकडेही स्वस्तात मिळणारा चमचमता हिरवा क्वार्ट्झ.
– ‘मलेशिया जेड’ म्हणजे बहुधा रंगवलेला क्वार्ट्झाइट.
– ‘न्यू जेड’ म्हणजे सर्पेंटाइन. दिसायला सुरेख, पण मऊ, लवकर ओरखडे पडणारं.
– ‘ऑस्ट्रेलियन जेड’ म्हणजे क्रिसोप्रेझ.

हे दगड वाईट नाहीत. त्यांच्या नावानं आणि त्यांच्या भावात मिळाले तर खुशाल घ्या.

‘ए’ हा दर्जा नव्हे

आत्याची फसगत झाली ती इथे. जेडाइटच्या बाबतीत ए, बी, सी ही अक्षरं दगडावर काय प्रक्रिया झाली ते सांगतात. टाइप ए म्हणजे नैसर्गिक, वरून फार तर मेणाचा हात फिरवलेला. टाइप बी म्हणजे आम्लात टाकून डाग काढलेला आणि मग पोकळ्यांत पॉलिमर भरलेला. टाइप सी म्हणजे रंगवलेला. दोन्ही केलं असेल तर बी अधिक सी. पॉलिमर काही वर्षांत पिवळा पडतो, दिलेला रंग विटतो.

म्हणजे टाइप ए असूनही दगड फिका, गढूळ आणि स्वस्त असू शकतो, आणि टाइप बी असूनही तो पहिल्या दिवशी लखलखीत दिसू शकतो. विक्रेता ‘ए ग्रेड’, ‘ए क्वालिटी’ म्हणाला तर शांतपणे विचारा, “टाइप ए असं पावतीवर लिहाल का?” उत्तरातून निम्मी परीक्षा होऊन जाते.

तीन पाकिटं करा

घरखर्चाची पाकिटं करतो तशी निघण्याआधीच खरेदीची तीन पाकिटं करावीत. हाँगकाँग डॉलर अमेरिकी डॉलरला ७.७५ ते ७.८५ या पट्ट्यात बांधलेला आहे, त्यामुळे त्याचा रुपयातला भाव काढणं सोपं जातं. इथे हिशेबासाठी एका हाँगकाँग डॉलरचे ११ रुपये धरले आहेत. निघताना त्या दिवसाचा दर बघून घ्या.

पहिलं, आठवणीचं पाकीट: एका नगाला १०० डॉलरपर्यंत, म्हणजे ११०० रुपये. किल्लीची साखळी, छोटं पदक, मण्यांची लहान माळ. हे जेड नाहीच असं धरून चाला. डोळ्यांना आवडलं, घासाघीस करून भाव उतरला, की घ्या. पाच मैत्रिणींना द्यायच्या वस्तू याच पाकिटातून.

दुसरं, हातघडणीचं पाकीट: १०० ते १,००० डॉलर, म्हणजे ११ हजार रुपयांपर्यंत. इथे आपण दगडापेक्षा कसबाचे पैसे देतो. रेशमी दोऱ्यात गाठवलेली माळ, चिनी पद्धतीच्या गाठींचं पदक, चांदीत बसवलेला नेफ्राइटचा खडा. पावतीवर दगडाचं नाव आणि चांदी असेल तर ९२५ लिहून घ्या. या रकमेत कोणी गडद हिरवी ‘अस्सल टाइप ए’ बांगडी देऊ करत असेल, तर नमस्कार करून पुढे चला.

तिसरं, खऱ्या जेडाइटचं पाकीट: ३,००० डॉलर, म्हणजे ३३ हजार रुपयांपासून पुढे, आणि तेही प्रयोगशाळेच्या अहवालासह. एवढ्यात फिकट, पांढुरक्या किंवा किंचित जांभळट छटेचा नग मिळण्याची अपेक्षा ठेवा. गडद, एकसारखा, पारदर्शकतेकडे झुकणारा हिरवा रंग हवा असेल तर किंमत लाखांत जाते, आणि तिला वरची मर्यादा नाही. बार्बरा हटन यांची २७ मण्यांची जेडाइटची माळ २०१४ मध्ये हाँगकाँगच्या सदबीज लिलावात २१ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलरला गेली.

सगळ्यांत धोक्याची आहे ती १,००० ते ३,००० डॉलरची मधली पट्टी. आठवण म्हणून रक्कम फार मोठी, आणि विक्रेत्यानं अहवाल काढून द्यावा एवढीही नाही. आत्याचे १,८०० याच पट्टीतले. एवढ्यात घ्यायचंच असेल तर दगड हलक्या रंगाचा निवडा आणि ‘टाइप ए’ लिहून घेतल्याशिवाय पैसे काढू नका.

टपरीपुढे उभं राहून काय बघायचं

कौलूनमधल्या यौ मा तेईचा जेड बाजार टेंपल स्ट्रीटच्या रात्रबाजारापासून चालत जाण्याजोगा आहे. दुकानं लहान आणि एकमेकांना खेटून. सकाळी जा. संध्याकाळच्या आधीच अनेक जण आवरायला लागतात. शिवाय हिरवा रंग दिवसाच्या उजेडात बघावा, पिवळ्या दिव्याखाली तो अधिक खुलतो.

दहापट मोठं दाखवणारं भिंग सोबत न्या. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर आम्लाची शंका घ्या. रंग दगडाच्या अंगात मुरलेला न दिसता चिरांमध्ये साचलेला दिसला तर रंगवल्याची. दोऱ्याला टांगलेल्या बांगडीवर दुसऱ्या दगडानं हलकेच टिचकी दिली की अस्सल, निर्दोष बांगडी खणखणते आणि पॉलिमर भरलेली बद्द वाजते. पण चीर गेलेली अस्सल बांगडीही बद्दच वाजते. म्हणून हे सगळे इशारे समजावेत, निकाल नव्हे. पॉलिमर आहे की नाही हे खात्रीनं सांगते ती प्रयोगशाळेतली इन्फ्रारेड तपासणी. गालाला गार लागतो का, काचेवर ओरखडा उठतो का, या परीक्षा तर सोडूनच द्या. इतर दगडही त्यांत पास होतात.

हातघडण ओळखायला सोपी आहे. एका ओळीत दहा बुद्धमूर्ती असतील आणि दहाही जणांच्या पोटावरची घडी तंतोतंत सारखी असेल, तर ते यंत्राचं काम. हातानं कोरलेल्यांत प्रत्येकाचं हसू थोडं वेगळं असतं. आणि फार दाट कोरीवकाम दिसलं की त्याखाली केसाएवढी चीर लपवली आहे का ते उजेडासमोर धरून बघा.

माळेत प्रत्येक मण्यानंतर गाठ आहे का ते पाहा. आपले पटवेकरी मोती गाठवतात तशीच ही गाठ: दोरा तुटला तरी एकच मणी निसटतो आणि मणी एकमेकांवर घासत नाहीत. मणी सुटे आणि माळ ओवून-गाठवून देण्याची मजुरी वेगळी, असा भाव विचारला की आपण कशाचे किती देतोय ते कळतं.

बांगडीचं माप घरूनच न्या

जेडची बांगडी उघडत नाही, ताणत नाही, आणि नंतर मोठी करून मिळत नाही. तिथे माप मिळतं आतल्या व्यासाचं, मिलिमीटरमध्ये. आपलं माप इंच आणि सोळांशांचं. ते असं जुळवा: दोन-दोन म्हणजे ५४ मिलिमीटर, दोन-चार म्हणजे ५७, दोन-सहा म्हणजे ६० आणि दोन-आठ म्हणजे साडेत्रेसष्ट. रोज काढघाल करायची नसेल तर हात साबणानं बुळबुळीत करून जेमतेम चढेल अशी घेण्याची पद्धत आहे, कारण सैल बांगडी ओट्यावर आपटते. दुसऱ्या कुणासाठी घ्यायची असेल तर तिची रोजची बांगडी मोजून आकडा लिहून न्या.

पावती आणि अहवाल

हाँगकाँगच्या कायद्यात ‘नैसर्गिक फेई चुई’ या शब्दांची व्याख्या ठरवून दिलेली आहे, आणि मालाचं खोटं वर्णन करून विकणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. किरकोळ दुकानदारानं नैसर्गिक फेई चुई विकताना तपशीलवार पावती देणं अपेक्षित आहे. म्हणून पावतीवर हे सगळं असू द्या: दुकानाचं नाव-पत्ता, तारीख, ‘नॅचरल फेई चुई’ किंवा ‘नॅचरल जेडाइट, टाइप ए’, माप, वजन, धातूचा कस आणि किंमत. सोन्यात बसवलेलं जेड बहुधा १८ कॅरटमध्ये, म्हणजे ७५० च्या शिक्क्यासह मिळतं. आपल्या सवयीचा ९१६ तिथे शोधू नका.

अहवाल दुकानाच्या स्वतःच्या कागदावर नको, स्वतंत्र प्रयोगशाळेचा हवा. त्यावरचं छायाचित्र, वजन आणि माप हातातल्या नगाशी जुळवून घ्या. विक्रेता पर्यटन मंडळाच्या ‘क्वालिटी टुरिझम सर्व्हिसेस’ योजनेतला असेल तर दारावर तसं चिन्ह असतं. तिसऱ्या पाकिटाची खरेदी अशाच दुकानात करा. तक्रार करायची वेळ आली तर तिथलं ग्राहक परिषदेचं कार्यालय आणि सीमाशुल्क खातं दोन्ही आहेत, पण पावतीशिवाय दोन्हीकडे हात रिकामेच.

लेबलावर न दिसणारा खर्च

३,००० डॉलरची बांगडी, म्हणजे ३३,००० रुपये. कार्डानं पैसे दिले आणि बँकेचा परकीय चलन आकार साडेतीन टक्के असेल, तर १,१५५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २०८. बांगडी ३४,३६३ ला पडली. यंत्रानं “रुपयांत की हाँगकाँग डॉलरमध्ये?” असं विचारलं तर डॉलरच निवडा. रुपये निवडले की दर दुकानाच्या बाजूची कंपनी ठरवते, आणि तो बहुधा महाग पडतो.

परतताना सीमाशुल्काचा हिशेबही मनात असू द्या. दागिन्यांसाठी वजनावर ठरलेली खास सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी असते. आठ दिवसांच्या सहलीवरून आलेल्याची खरेदी नेहमीच्या करमुक्त मर्यादेतच मोजली जाते, आणि कुटुंबातल्या चौघांची मर्यादा एका बांगडीसाठी एकत्र करता येत नाही. मर्यादेचा आकडा निघण्याच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पाहा. घरचे भारी दागिने घालून जात असाल तर जातानाच विमानतळावर निर्यात प्रमाणपत्र घ्या.

आणि शेवटचा खर्च: मोड. आपला सराफ खडा वजा करून सोन्याचेच पैसे देईल. म्हणून जेड घालण्यासाठी घ्या, गुंतवणूक म्हणून नको.

दुसऱ्या देशात गेलात तर

न्यूझीलंडमध्ये नेफ्राइटला ‘पौनामू’ म्हणतात आणि दक्षिण बेटावरचं होकिटिका हे त्याचं गाव. १९९७ पासून तिथल्या पौनामूची मालकी न्गाई ताहू या माओरी समाजाकडे आहे. दुकानांत बाहेरून आणलेलं नेफ्राइटही असतं, म्हणून दगड कुठला आणि कोरला कोणी हे दोन्ही विचारा. ग्वाटेमालाच्या अँटिग्वा शहरात मोतागुआ खोऱ्यातलं जेडाइट मिळतं. बँकॉकमध्ये “आज राजवाडा बंद आहे, चला रत्नांच्या दुकानात नेतो” असं म्हणणाऱ्या रिक्षावाल्यासोबत जाऊ नका, ही फसवणूक तिथे फार जुनी आहे.

डबी बंद करण्यापूर्वी

दगडाचं नाव लिहिलं का, प्रक्रियेबद्दल लिहिलं का, माप-वजन जुळलं का, धातूचा शिक्का वाचला का, तारीख आणि पत्ता आहे का: पाच गोष्टी बघा आणि पावतीचा लगेच मोबाइलवर फोटो काढा, कारण पावतीवरची छपाई पुढे पुसट होऊ शकते. घरी आल्यावर बांगडी कोमट पाणी आणि मऊ फडक्यानं पुसा. दुकानात दागिने धुण्याचं अल्ट्रासॉनिक यंत्र असतं, त्यात ती टाकू देऊ नका.

आत्या तिची बांगडी अजून घालते. या दिवाळीनंतर ती पुन्हा हाँगकाँगला जाणार आहे, सुनेसाठी बांगडी घ्यायला. तिच्या पर्समध्ये एक चिठ्ठी आहे. वर लिहिलंय ‘५७ मिलिमीटर’ आणि खाली इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यायचे चार शब्द: नॅचरल जेडाइट, टाइप ए.