काठ धरून दोघं : ताडोबा ते वैनगंगा

चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही, पण काठांना तोटा नाही. ताडोबा तलाव, इरई धरणाचा फुगवटा, जुनोना, गावोगावचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि पलीकडे वैनगंगा. नवरा-बायकोने कॅमेरे घेऊन एक दिवस काढायचा असेल तर वाघामागे जिप्सी पळवण्यापेक्षा पाणी धरून बसावं, असं माझं मत आहे. उन्हाळ्यात वाघही बहुधा तिथेच भेटतो.

सकाळची फेरी मोहर्ली गेटमधून ताडोबाच्या कोअरची, म्हणजे गाभ्याच्या जंगलाची घ्या. आरक्षण ऑनलाइन होतं आणि गेटवर मूळ ओळखपत्र लागतं. मोबाइल कोअरमध्ये नेता येत नाही, तेव्हा 'फोननेच काढू' हा बेत घरीच सोडा. मोठ्या लेन्सचं शुल्क वेगळं असतं, ते आधीच विचारून घ्या. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. बाकीचे चौघे अनोळखी असतील तर निघण्यापूर्वीच गाइडला आणि त्यांनाही सांगा, की आम्हाला पक्षीही हवेत, तळ्यावर थोडं थांबू. हे आधी बोललं नाही तर वाघाची चाहूल देणारा पहिला कॉल ऐकू येताच गाडी तळं सोडते, आणि त्यात गाइडची चूक नसते. परतताना सगळे त्याला एकच प्रश्न विचारतात : वाघ दिसला का?

दोघांनी एकच फोटो दोनदा काढू नये. एकाने मोठी लेन्स धरावी, दुसऱ्याने दुर्बीण आणि छोटी लेन्स. दुर्बीणवाल्याने शोधायचं, लेन्सवाल्याने निमूट ऐकायचं. (घरचा रिवाज उलट असेल तर एक दिवस सोसा.) ताडोबा तलावात मगरी आहेत, काठावर पडलेलं ओंडकं दुर्बिणीतून एकदा तपासाच. वाळक्या फांदीवर पंख पसरून बसलेला सर्पपक्षी, पाणवनस्पतींवर चालणारा कमळपक्षी, पाण्यावर एका जागी फडफडत सूर मारणारा कवड्या खंड्या, ही मंडळी वाघापेक्षा जास्त वेळ देतात.

जिप्सीत ट्रायपॉड निरुपयोगी. कापडी पिशवीत तांदूळ भरून ती कठड्यावर ठेवा, लेन्स तिच्यावर टेकवा आणि इंजिन बंद करायला सांगा. काळसर पाण्यासमोर पांढरा बगळा असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप उतरवा, नाहीतर पिसांचा नुसता चुना दिसतो. उडत्या पक्ष्याला शटर १/१६०० च्या खाली नको. सावलीतल्या जनावरासाठी आयएसओ वाढवायला घाबरू नका. धूळ फार, म्हणून आत लेन्स बदलू नका. जानेवारीत पहाटे कानटोपी हवी आणि मे महिन्यात ओला पंचा, कारण चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांपुढे जातो.

दुपारी जेवून थोडं पडा. संध्याकाळची फेरी बफरमधली, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलातली, जुनोन्याची घ्या. हिवाळ्यात तळ्यांवर बदकं उतरलेली असतात आणि तिरपं ऊन पाठीशी घेतलं की रंग खुलतात.

दुसरा दिवस हाताशी असेल तर गडचिरोलीत मार्कंड्याला जा. वैनगंगा इथे उत्तरवाहिनी होते आणि काठावर जुनी दगडी मंदिरं आहेत. आणखी दक्षिणेला चपराळा अभयारण्य. वर्धा आणि वैनगंगा तिथल्याच परिसरात मिळून प्राणहिता होते. उन्हाळ्यात नदीतल्या वाळूच्या पट्ट्यांवर उतरू नका. टिटव्या आणि नदी सुरय तिथे उघड्यावरच अंडी घालतात, आणि ती वाळूच्याच रंगाची असतात.

गावाबाहेरच्या मामा तलावावर मात्र पहाटे किंवा तिन्हीसांजेला पायी जाऊ नका, कितीही जवळ असला तरी. या जिल्ह्यांत मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात गेली आहेत. गावकरी 'तिकडे नका जाऊ' म्हणाले की वाद न घालता परत फिरा.

तारीख ठरवताना एवढं पाहा : ताडोबा मंगळवारी बंद असतं आणि पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअरमध्ये प्रवेश नसतो.