अदृश्य शेजारी

मृगाचा पहिला पाऊस तुम्ही सर्वांनी अनुभवला असेल. वैशाखातील उन्हाने माण-खटावचे माळ भाजून निघालेले असतात. तासगाव-जतकडील रानांना भेगा पडलेल्या असतात. मग एके दिवशी आभाळ भरून येते, टपोरे थेंब पडू लागतात आणि तापलेल्या भूमीतून एक गोड, हवाहवासा वास दरवळतो. त्या वासाने शेतकऱ्याचे मन उल्हसित होते व तो पेरणीच्या तयारीस लागतो.

या वासाला आपण 'मातीचा वास' म्हणतो. परंतु नुसत्या दगडाच्या भुकटीला असा वास येत नाही. या सुगंधातील मोठा वाटा मातीत राहणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांचा असतो. ते इतके लहान असतात, की एकापुढे एक असे सुमारे हजार जीव मांडावेत, तेव्हा कोठे त्यांची रांग एक मिलिमीटर लांबीची होईल. या जीवांना जिवाणू म्हणतात. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून ते प्रथम पाहिले आणि 1676 साली लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. तोपर्यंत आपल्या अवतीभोवती असे काही जग आहे, याची मनुष्यास कल्पनाच नव्हती.

जिवाणू म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे केवळ रोगच उभा राहतो. ही समजूत अर्धसत्य आहे. हे शेजारी कोठे आपले पोषण करतात आणि कोठे आपला घात करतात, हे आज आपण पाहू.

प्रथम आपल्या घरातच डोकावू. रात्री आई कोमट दुधात चमचाभर विरजण घालते व भांडे झाकून ठेवते. सकाळी त्याचे घट्ट दही झालेले असते. विरजणातील जिवाणू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दूध विरजते. एवढ्याशा विरजणाने सारे भांडे कसे भरून जाते? त्याचे उत्तर गणितात आहे. जिवाणूची वाढ पूर्ण झाली की एकाचे दोन होतात. अनुकूल स्थितीत काही जिवाणूंना यासाठी अवघी वीस मिनिटे पुरतात. त्या वेगाने एका जिवाणूपासून तासाभरात आठ होतील. आणि अन्न व जागा कमी पडली नाही, तर दहा तासांत ही संख्या शंभर कोटींच्या वर जाईल!

मात्र त्यांना अन्न, ऊब व ओलावा ही लागतातच. ओलावा काढून घेतला की त्यांची वाढ खुंटते. म्हणूनच तासगावचा बेदाणा महिनोन् महिने टिकतो. सांगलीजवळ हरिपूर येथे वाळविलेली हळद जमिनीतील खोल पेवांत साठवीत असत, ती याच कारणाने दीर्घकाळ चांगली राही. 2005 च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले आणि मोठी हानी झाली. कोरड्या पेवात जिला धक्का लागत नसे, ती हळद ओल लागताच कुजू लागली.

आता शेतात जाऊ. मी शिक्षक असताना प्रतिवर्षी मुलांना हरभऱ्याच्या रानात नेत असे. पीक फुलावर आले, की एक रोप खुरप्याने मातीसह अलगद उकरून बादलीतील पाण्यात धुवावयाचे, असा आमचा पाठ असे. मुळांवर लहान लहान गाठी दिसत. एकदा एका मुलाने चिंतेने विचारले, ''गुरुजी, मुळांना कीड लागली का हो?'' मी त्याला म्हणालो, ''एक गाठ नखाने फोडून पाहा.'' गाठ आतून गुलाबी निघाली. मग मी त्यांस सांगितले, की बाळांनो, ही कीड नव्हे. हा या रोपाचा खताचा कारखाना आहे.

हे मी गंमत म्हणून सांगितले नव्हते. पिकांच्या वाढीस नत्र अत्यावश्यक असते. हवेचा सुमारे 78 टक्के भाग नत्राचाच आहे. पण भरल्या विहिरीच्या काठी दोर नसलेला मनुष्य जसा तहानलेला राहावा, तशी पिकांची गत होते, कारण हवेतील नत्र त्यांना घेता येत नाही. हरभरा, भुईमूग, सोयाबीन, घेवडा अशा शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत ऱ्हायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतील नत्र धरून पिकास मानवेल अशा रूपात देतात आणि त्याच्या मोबदल्यात पिकाकडून साखर घेतात. दोघांचाही निर्वाह चालतो. आपल्याकडे शेतकरी द्विदल पिकांचा बेवड करतात, म्हणजे ती घेतलेल्या रानात पुढे दुसरे पीक घेतात, त्यामागील शहाणपण हेच होय. पूर्वजांस जिवाणू ठाऊक नव्हते. परंतु त्यांचे काम मात्र त्यांनी अनुभवाने ओळखले होते. हेलरीगेल व विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1886 साली त्याचा शास्त्रीय उलगडा केला.

आज हे जिवाणू पाकिटातून मिळतात. पेरणीपूर्वी गुळाच्या थंड पाण्यात ते संवर्धक कालवून बियाण्यास हलक्या हाताने चोळतात आणि बी सावलीत सुकवतात. सावलीतच का? कारण ती निर्जीव भुकटी नसून सजीव वस्तू आहे. कडक उन्हाने हे जिवाणू मरतात. शिवाय हरभऱ्याचे जिवाणू भुईमुगास उपयोगी पडत नाहीत. प्रत्येकाचे घर ठरलेले असते.

जिवाणूंचे दुसरे मोठे कार्य म्हणजे कुजविणे. झाडाचा पाला, जनावरांचे शेण, मेलेले कीटक हे सारे जिवाणू आणि बुरशी कुजवून पुन्हा मातीत मिसळतात. हे कार्य थांबले, तर भूतलावर कचऱ्याचे डोंगर साचतील व मातीचा कस संपेल. कराड-वाळव्याकडे ऊस तुटून गेल्यावर काही ठिकाणी पाचट पेटवून देतात. त्या ज्वाळांत मातीला मिळावयाचे अन्न जळते आणि वरच्या थरातील असंख्य जिवाणूही होरपळतात. तेच पाचट सरीत दाबून कुजू दिले, तर त्याचेच खत होते.

जे रानात, तेच नदीत. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कराड करीत सांगलीस पोहोचते. वाटेत तिच्यात पडणारी घाण जिवाणू खाऊन टाकतात. पण त्यासाठी ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण थोडी असेल, तर नदी पुन्हा स्वच्छ होते. गावांचे व कारखान्यांचे सांडपाणी वाजवीपेक्षा अधिक आले, की प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरून मरतात. अपराध जिवाणूंचा नसतो. त्यांच्यावर न पेलणारा भार टाकणाऱ्यांचा असतो. सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रांतही हेच जिवाणू काम करतात. तेथे हौदांतील पाण्यात हवा सोडून त्यांना प्राणवायू पुरविला जातो.

येथवर आपण त्यांची सौम्य बाजू पाहिली. आता दुसरी बाजू पाहू. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-वारणेच्या महापुराने सांगली शहर व अनेक गावे वेढली. अशा पुरात शौचालयांतील मैला, मेलेली जनावरे व पिण्याचे पाणी एकत्र होतात. उंदरांच्या मूत्रातील जिवाणू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात व लेप्टोचा ताप येतो; दूषित पाण्याने पटकी, विषमज्वर यांसारखे रोग होतात. आतड्यात राहून आपणांस साह्य करणारे काही जिवाणू जखमेत वा मूत्रमार्गात गेले, तर तेथे तेच रोग उत्पन्न करतात. यास्तव पाणी उकळून पिणे आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, हे नियम लहान वाटले तरी प्राण वाचविणारे आहेत.

हे ज्ञान मनुष्यास सहजासहजी लाभले नाही. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे 3 जानेवारी 1831 रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांचे नाव तुम्हांस ठाऊक आहे. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली व पुढे ती पुण्यात पसरली. सावित्रीबाईंचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी पुण्याबाहेर रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढवा येथील एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणला. सहासष्ट वर्षांच्या त्या माउलीस त्या सेवेत प्लेगने गाठले आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला.

प्लेगचा जिवाणू येर्सिन या शास्त्रज्ञाने 1894 साली हाँगकाँग येथे शोधला होता. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगवर लस तयार करून जानेवारी 1897 मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. परंतु हा रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ यांनी कराची येथे दाखविले ते 1898 साली. आणि रोग जडल्यावर तो बरा करणारे औषध तर तेव्हा जगात कोठेच नव्हते.

क्षयरोगाचीही तीच कथा. त्याचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्येच ओळखला होता. मिरजेस 1894 साली रुग्णालय उभारणारे डॉक्टर वानलेस यांच्या नावाने वसलेल्या वानलेसवाडीत पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. पण मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांपलीकडे देण्याजोगे औषध त्या काळी वैद्यांपाशी नव्हते. शत्रूची ओळख पटली होती. शस्त्र मात्र हाती नव्हते.

ते शस्त्र सापडले मातीत! अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शात्झ नावाचा तरुण विद्यार्थी मातीतील जिवाणूंचा अभ्यास करीत होता. 1943 साली भरपूर शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतून त्याला स्ट्रेप्टोमायसीस कुळातील एक जिवाणू मिळाला. त्याच्यापासून स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तयार झाले. क्षयावर गुणकारी ठरलेले हे पहिले प्रतिजैविक होय. प्लेगवरही ते लागू पडते. मृगाच्या पहिल्या सरीने मातीला सुगंध येतो, तो मुख्यतः याच कुळातील जिवाणूंमुळे. ज्या रोगाने सावित्रीबाईंना नेले, त्यावरचा उतारा असा शेतकऱ्याच्या पायाखालच्या मातीतील जिवाणूंच्या कुळातच होता. तो ओळखावयास मनुष्यास आणखी 46 वर्षे लागली.

पण या शस्त्राची धार बोथट होऊ शकते. औषध मध्येच सोडले, तर चिवट जिवाणू उरतात आणि त्यांच्या पुढील पिढ्या त्या औषधास दाद देत नाहीत. म्हणून क्षयाचे उपचार अनेक महिने व पूर्ण करावे लागतात. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग नसतो. वैद्यांच्या सल्ल्यावाचून अशी औषधे कधीही घेऊ नयेत.

तेव्हा जिवाणूंना सरसकट मित्र म्हणू नये, की सरसकट शत्रूही मानू नये. योग्य स्थानी ते आपले पोषण करतात. अस्थानी ते जीव घेतात. कोणते स्थान कोणाचे, हे ओळखणे म्हणजेच ज्ञान होय. पुढच्या मृगात मातीचा वास आला, की क्षणभर थांबा आणि या अदृश्य शेजाऱ्यांची आठवण करा.

शब्दार्थ
नत्र – हवेतील एक वायू, नायट्रोजन. पेव – धान्य, हळद साठविण्याचा जमिनीतील खोल खड्डा. पाचट – उसाची वाळलेली पाने. पटकी – कॉलरा. विषमज्वर – टायफॉइड. प्रतिजैविक – जिवाणूंना मारणारे किंवा त्यांची वाढ रोखणारे औषध.

स्वाध्याय
1. मातीच्या वासामागे मुख्यतः कोणाचा वाटा असतो?
2. संवर्धक लावलेले बी उन्हात का वाळवू नये?
3. नदीत सांडपाणी वाढले म्हणजे मासे का मरतात?
4. 'शत्रूची ओळख पटली होती. शस्त्र मात्र हाती नव्हते.' हे वाक्य कोणत्या संदर्भात आले आहे? स्पष्ट करा.
5. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : सरसकट, अस्थानी, दाद न देणे, काडीचाही उपयोग नसणे.
6. उपक्रम : वडीलधाऱ्यांच्या संमतीने शेंगवर्गीय पिकाचे एक रोप मुळांसह अलगद काढा, गाठी मोजा, एक गाठ फोडून तिचा रंग पाहा व निरीक्षण वहीत लिहा. नंतर हात साबणाने धुवा.